वासरातून रेशीम

वसंतात रेशमाचे किडे माळ्यावर चढले की गेरार्दोच्या घरात कुणी मोठ्यानं शिंकत नसे. लसूण परतायचा तो मागच्या अंगणात, आणि नवरा-बायकोला भांडायचंच असेल तर त्यांनी ओढ्यावर जाऊन भांडायचं. किड्यांचं मन नाजूक असतं, असं गेरार्दोचं म्हणणं. पेशा गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावर त्याच्या तुतीच्या ओळी होत्या. बाप, आजा, पणजा सगळे ह्याच किड्यांच्या जिवावर जगले. सुनेच्या हातचं खाऊन तो कधी ‘बरं झालंय’ म्हणाला नाही, पण हजारो किडे एकदम पाला कुरतडायला लागले की जी कुरकुर उठते, ती ऐकताना त्याचे डोळे भरून यायचे.

त्या वर्षी ती कुरकुर मध्येच थांबली. शेवटची कात टाकायच्या सुमारास किडे सुस्तावले, मग ताठले आणि खडूच्या कांड्यांसारखे पांढरेफटक होऊन वेताच्या तट्ट्यांवर पडून राहिले. गेरार्दोनं अन्न सोडलं. त्याची बायको पिएरा जेवत होती, पण घास चावताना सुनेकडे बघत होती. कारण बी, म्हणजे किड्यांची अंडी, उबवली होती सुनेनं. तिथल्या सगळ्या बायकांसारखी दियानोरानं अंड्यांची थैली चोळीत, छातीशी धरून उबवली होती. ‘तापातून उठलेल्या अंगाची ऊब ती, तिच्यात कसला आलाय जोर,’ असं पिएरा शेजारणींना सांगायची, आणि शेजारणी ते दियानोराला आणून द्यायच्या.

तापाचं मात्र खरं होतं. थंडी सरता सरता दियानोराला ताप आला आणि तो गेला तेव्हा तिचं दूधही घेऊन गेला. तिचा तान्हा मेओ तेव्हा अजून बसायलाही शिकला नव्हता. शेळीचं दूध दिलं तर अंगभर पुरळ. खालच्या आळीतली दाई आणली तर तिच्या तोंडाला वारुणीचा वास. शेवटी गोठ्यातल्या कोलोंबा गायीचं दूध मानवलं. त्यात पाव कुस्करून दिला की मेओ वाटी चाटूनपुसून साफ करायचा आणि वर वाटीही चावायचा.

दियानोराला काळजी करण्याचा सराव होता. मेओ झोपला की तो श्वास घेतोय ना हे ती बघायची, आणि जागा असला की एवढा जोरात का श्वास घेतोय हे बघायची. उन्हाळा लागल्यापासून तिनं माश्यांशी वैर धरलं होतं. गोठ्यावरची माशी उठून बाळाच्या ओठावर बसते, हे तिच्या डोक्यातून जाईना. आधी ती पाळण्यापाशी फडकं हलवत बसायची. मग तिनं पेटीतून आपली लग्नातली रेशमी जाळीची ओढणी काढली आणि पाळण्यावर टाकली. वारा आत जातो, माशी जात नाही. पिएरानं ते बघितलं आणि छातीवर क्रूस काढला. लग्नाची ओढणी म्हणजे मेल्यावर अंगावर घालायची वस्तू, मुताच्या दुपट्ट्यांवर नव्हे, असं तिनं बजावलं. दियानोरानं मान डोलावली आणि ओढणी तिथंच ठेवली.

आणि अशात एका रविवारी, जेवणं चालू असताना, गेरार्दो पुन्हा जेवायला लागला. घेवड्याच्या दाण्यांची दुसरी वाटी त्यानं मागितली तेव्हाच सगळ्यांच्या लक्षात आलं की ह्याच्या मनात काहीतरी शिजलंय. शेजारी नोटरी सेर उगुच्चो बसले होते. दर रविवारी ते ह्याच घरी जेवत आणि जेवणाचा मोबदला म्हणून लॅटिनमधलं काहीतरी सांगत.

“कोलोंबाचं वासरू आजपासून फक्त तुतीचा पाला खाईल,” गेरार्दो म्हणाला. “दुसरं काही नाही. दूध नाही, गवत नाही.”

वासरू चांगलं पोट सुटलेलं, पाल्यावर तोंड टाकायच्या वयाचं झालं होतं, तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. पण पुढचं ऐकल्यावर दियानोराचा चमचा मेओच्या तोंडाशी थांबला. मेओनं तो ओढून घेतला.

सेर उगुच्चोंनी एका जुन्या ग्रंथात वाचलं होतं, की रेशमाचं बी पिढ्यान्‌पिढ्या वापरून थकतं, म्हातारं होतं. अशा वेळी वासराला तीन आठवडे निव्वळ तुतीच्या पाल्यावर ठेवावं, मग मारावं आणि माळ्यावर ठेवून द्यावं. ते सडू लागलं की त्यातून रेशमाचे किडे निघतात. पहिल्या निर्मितीचे, ताज्या दमाचे, कसल्याही रोगाला दाद न देणारे.

दियानोराचा नवरा बास्तियानो म्हणाला की वासरापासून आजवर त्यानं चामडं झालेलं पाहिलंय, रेशीम नाही. गेरार्दोनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बैलाच्या मढ्यातून मधमाश्या होतात हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं, तो म्हणाला. गव्हाच्या कोठीत चिंध्या टाकल्या की उंदीर होतात. विटेखाली हिरवा सुगंधी पाला ठेचून ठेवला की विंचू होतो, हे तर खुद्द मठातल्या बुवांनी सांगितलंय. मग तुती खाल्लेल्या वासरातून तुती खाणारा किडा होणार नाही तर काय घोडा होणार?

“आणि तू सांग,” तो मुलाला म्हणाला, “किडा अंड्यातून येतो, अंडं पतंगापासून, पतंग किड्यापासून. मग सगळ्यात पहिला किडा कुठून आला? आभाळातून टपकला?”

सेर उगुच्चोंनी समाधानानं पावाचा तुकडा ताटलीतल्या तेलावर फिरवला.

दियानोराच्या मनात पहिला किडा वगैरे काही नव्हतं. तिच्या मनात कोलोंबा होती. ती गाय स्वभावानं अशी, की वासरू कुशीला उभं असल्याशिवाय पान्हा सोडायची नाही. वासरू नजरेआड झालं की कोलोंबा म्हणजे दगड. मारा, चुचकारा, मीठ चाटवा, एक थेंब देणार नाही. गावात बाकीच्यांच्या गायी नांगराला जुंपलेल्या, त्यांचं दूध त्यांच्याच वासरांना पुरत नव्हतं. वासरू गेलं की कोलोंबा आटणार, आणि कोलोंबा आटली की मेओचं काय, ह्याचा विचार तिनं तिथंच, एका चमच्याच्या अंतरात, शेवटापर्यंत करून टाकला.

संध्याकाळी ती गोठ्यात गेली. धार काढताना आता वासराच्या तोंडाला मुसकं बांधलेलं असायचं, म्हणजे ते आईला हुंगेल पण पिणार नाही. शेजारी गेरार्दो स्वतः पाल्याचा भारा सोडत होता, देठ खुडून, किड्यांना घालावा तसा. तिनं मेओची गोष्ट काढली. तो वाईट माणूस नव्हता, त्यानं ऐकून घेतलं. दुसरी गाय बघू म्हणाला. कुठली, ते सांगितलं नाही. मग तिनं मनातलं बोलून टाकलं.

“बाबा, मांसातल्या अळ्या मांसाच्या नसतील. माश्यांच्या असतील.”

“माशीच्या?”

“मी बघते ना दिवसभर. मांसावर बसली की ती शेपटाकडचं अंग टेकवते, आपला पतंग फडक्यावर टेकवतो ना, तस्सं. आणि मग तिथं पांढरं बारीक काहीतरी दिसतं. मला वाटतं ते बी असावं.”

गेरार्दो हसला. मनापासून, बऱ्याच दिवसांनी हसला. म्हणाला, “सूनबाई, पोर झाल्यापासून तुला झोप नाही. माशी केवढी आणि तिचं बाळंतपण केवढं! घाणीतून घाण निपजते आणि मग माश्या ती खायला येतात, एवढं साधं आहे. जा, पोराला दूध दे.”

ती गेली. पण तिला तिच्या बापाच्या दुकानाची आठवण होत राहिली. बाप औषधं विकायचा, पेशा गावच्या चौकात. एखाद्या गिऱ्हाइकानं ‘ह्या काढ्यानं गुण येतो का’ विचारलं की तो शपथा घ्यायचा नाही. दोन बाटल्या पुढं करायचा. एक काढ्याची, एक नुसत्या पाण्याची. दोन्ही घेऊन जा, दोन कोंबड्यांना पाज, म्हणायचा. धंदा यथातथाच चालायचा. पण सासऱ्याशी वाद घालून उपयोग नाही, त्याच्यासमोर दोन बाटल्या ठेवायला हव्यात, एवढं तिला कळलं. प्रश्न एवढाच होता की त्यानं त्या बघायला तयार कसं व्हावं.

पुढच्या रविवारी तिनं सेर उगुच्चोंच्या पानात स्वतःहून जास्तीचा पनीर वाढला आणि अगदी अडाण्यासारखा चेहरा करून विचारलं, की वासरू माळ्यावर ठेवल्यावर खिडकी उघडी ठेवायची की बंद?

सेर उगुच्चो चावायचे थांबले. ग्रंथात आधी बंद म्हटलं होतं असं त्यांना आठवत होतं. पण पुढं कुठंतरी वाऱ्याचाही उल्लेख होता. लॅटिनमध्ये, ते म्हणाले, ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

“उघडी की बंद?” आता गेरार्दोनं विचारलं. किड्यांच्या माळ्यावरची खिडकी हा त्याच्या लेखी चेष्टेचा विषय नव्हता. बोटभर जास्त उघडी राहिली म्हणून त्याच्या बापानं एकदा गड्याला हाकललं होतं.

सेर उगुच्चोंनी वारुणीचा घोट घेतला आणि तो बराच वेळ घेतला.

“वासरू एकच आहे,” दियानोरा मेओचं तोंड पुसत म्हणाली. “खिडकी चुकली तर वासरूही गेलं आणि बीही.”

गेरार्दो त्या दिवशी जेवणावरून उठला तो विचारातच. सकाळी त्यानं सुनेला हाक मारली. जणू आपल्यालाच सुचलंय अशा थाटात म्हणाला, की आधी लहान प्रमाणावर करून बघावं. घरचे ससे वसंतापासून तट्ट्यांवरून उरलेला तुतीचाच पाला खात होते, त्यांच्या हाडामासात तुती मुरलेली होती. एक ससा मारून दोन बरण्यांत भरायचा. एक उघडी, एक बंद. जिच्यात किडे जोमदार निघतील तशी खिडकी ठेवायची. त्याचं स्वतःचं मत बंद बरणीच्या बाजूनं होतं. उबेशिवाय काही निपजत नाही.

दियानोरानं हळूच सुचवलं की घट्ट झाकण लावलं तर आतलं गुदमरेल, आणि मग किडे झाले नाहीत तर दोष झाकणाचा की बंदपणाचा हे कळायचं नाही. वारा जाईल पण बाहेरचं काही आत जाणार नाही असं काहीतरी हवं.

गेरार्दोनं इकडे-तिकडे बघितलं आणि त्याची नजर पाळण्यावर गेली.

हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. ओढणी गेली तर मेओच्या तोंडावर माश्या. तिनं क्षणभर बरणीकडे बघितलं, क्षणभर पाळण्याकडे, आणि ओढणी काढून सासऱ्याच्या हातात दिली. त्या दिवसापासून ती पुन्हा फडकं हलवत बसली. पिएराला जेव्हा कळलं की सुनेची लग्नाची ओढणी आता सडक्या सशाच्या बरणीच्या तोंडावर बांधली आहे, तेव्हा ती खुर्चीत बसली. आपण हिच्या घरच्यांना हुंड्यात दोन चादरी माफ केल्या तेव्हाच काहीतरी चुकलं, असं ती पुटपुटली.

ऊन चांगलं कडक होतं. बरण्या रिकाम्या माळ्यावर शेजारी-शेजारी ठेवल्या आणि थोड्याच दिवसांत घरात अशी दुर्गंधी सुटली की बास्तियानो जेवण घेऊन तुतीखाली जाऊन बसू लागला. एका सकाळी गेरार्दो माळ्यावरून जवळजवळ घसरतच खाली आला. त्यानं सुनेचा हात धरून तिला वर नेलं.

उघड्या बरणीत पांढऱ्या अळ्यांची नुसती खदखद होती.

झाकलेल्या बरणीत काळं-निळं झालेलं मांस होतं, आणि बाकी काही नाही. फक्त ओढणीवर, वरच्या अंगाला, बारीक पांढरे ठिपके होते आणि दोन-चार अळ्या जाळीत डोकं खुपसून खाली जायची धडपड करत होत्या. दियानोराला वाटलं होतं त्याहून हे स्पष्ट होतं. तिनं बोट दाखवलं. म्हणाली, बघा बाबा, वास आला म्हणून माशी आली, आत जाता येईना म्हणून जाळीवरच बी टाकून गेली.

पण गेरार्दो झाकलेल्या बरणीकडे बघतच नव्हता. तो उघड्या बरणीपुढं गुडघे टेकून बसला होता.

“उघडी,” तो कुजबुजला. “खिडकी उघडी ठेवायची. पोरी, तुझ्या प्रश्नानं आपलं वासरू वाचलं. बंद ठेवून वाया घालवणार होतो मी.” आणि त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. वासरू आता आठवडा संपला की मारायचं, ग्रंथ शंभर टक्के खरा आहे, असं जाहीर करून तो खाली गेला.

दियानोरा जिन्यावर बसून राहिली. आपण आपल्याच हातानं वासराच्या गळ्याला दोरी बांधली असं तिला झालं. बास्तियानो येऊन शेजारी बसला आणि नाक धरून म्हणाला, की निदान बाबा खूश आहेत. तिनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं नाक सोडलं. मग त्यानं खरंच विचार करून विचारलं, “पण ते किडे रेशमाचेच आहेत हे कुणी ठरवलं? मला तर नुसत्या अळ्या दिसल्या.”

ती उठली. नवऱ्याच्या गालाचा मुका घेतला, का ते त्याला कळलं नाही, आणि थेट सासऱ्यापुढं जाऊन उभी राहिली. म्हणाली, बाबा, नव्या निर्मितीचे किडे आहेत आणि सकाळपासून त्यांना कुणी पाला घातला नाही.

हा वार बरोबर बसला. किडे उपाशी आहेत ह्या कल्पनेनंच गेरार्दोचा चेहरा पडला. आणि मग त्या घरानं जे केलं ते डोंगरावर कुणी कधी केलं नसेल. गेरार्दोनं उघड्या बरणीतल्या अळ्या एकेक वेचून स्वच्छ तट्टीवर ठेवल्या. झाडाच्या शेंड्याची कोवळी पानं आणून ती केसासारखी बारीक चिरली. घरात पुन्हा शिंकायला बंदी आली. लसूण पुन्हा अंगणात गेला. पिएराला तट्टीजवळ माळ जपत बसवलं. अळ्यांनी पाल्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्या तट्टीच्या कडेनं सरपटत बरणीच्या दिशेनं निघाल्या.

“अजून चव लागली नाही,” गेरार्दो म्हणाला. “पहिल्या निर्मितीचे आहेत. अनुभव नाही.”

शेवटी नाइलाजानं त्यानं पाल्याच्या मधोमध सशाचा तुकडा ठेवला, तेव्हा अळ्या त्यावर तुटून पडल्या. बास्तियानो बापाला म्हणाला की ह्यांच्यापासून निघालं तर रेशीम नाही, सॉसेज निघेल. बापानं त्याला माळ्यावरून खाली पाठवलं. पण दियानोरानं बघितलं, की त्या दिवसापासून गेरार्दोनं वासराच्या सुरीची गोष्ट काढली नाही. आठवडा संपला. तो म्हणाला, आधी कोश होऊ देत. आयुष्यभर ज्यानं किडे वाढवले त्याला काहीतरी खटकत होतं, आणि ते काय, हे कबूल करायची त्याची तयारी नव्हती.

मग अळ्या आखडल्या, तांबूस झाल्या आणि घट्ट, गव्हाच्या दाण्यांसारख्या होऊन पडल्या. गेरार्दोची उमेद परत आली. कोश! लहान आहेत, रंगानं काळपट आहेत, धागा दिसत नाही, पण कोश. त्यानं ते सगळे एका मोठ्या काचेच्या भांड्यात घातले. पतंग निघून उडून जातील म्हणून झाकलेल्या बरणीवरची ओढणी मागितली. ती आता बरणीसकट घाण मारत होती, तिला दियानोरानं तीन पाण्यांतून काढून दिली. जुन्या बरणीवर तिनं तशाच विणीची दुसरी चिंधी बांधली. ती बरणी टाकू नका, एवढंच ती म्हणाली.

सेंट जॉनच्या सणाला गेरार्दोनं शेजार जेवायला बोलावलं. अंगणात तुतीखाली टेबलं मांडली. चेस्टनटच्या पिठाची धिरडी, ताजा पनीर, सशाचा रस्सा. रस्सा कुणी घेतला नाही. मधोमध, फुलांच्या जागी, ओढणी बांधलेलं काचेचं भांडं. सेर उगुच्चोंनी त्या प्रसंगासाठी लॅटिनमध्ये चार ओळी रचून आणल्या होत्या. ते उभे राहिले, त्यांनी घसा साफ केला, आणि भांड्यात काहीतरी हललं.

सगळे पुढं वाकले. एका दाण्याचं टोक फुटलं. त्यातून ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं, पाय झाडत काचेवर चढलं, आणि उन्हात पंख वाळवत बसलं. मग दुसरं. मग बरीच. हिरवट-निळी चमक, मोठे लाल डोळे. भांड्यातून गुणगुण सुरू झाली.

“गेरार्दो,” शेजारचा म्हातारा म्हणाला, “तुझं रेशीम माझ्याही गोठ्यात बरंच आहे. हवं तेवढं घेऊन जा.”

अंगणात हशा फुटला. लोक टेबलावर डोकं ठेवून हसले. पिएरासुद्धा हसली आणि हसल्याबद्दल तिनं लगेच क्रूस काढला. सेर उगुच्चोंनी आपल्या चार ओळी घडी घालून बाहीत सरकवल्या. फक्त दियानोरा हसली नाही. ती सासऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. माणसाचं हसं झालं की तो एकतर नरम येतो नाहीतर हट्टाला पेटतो, आणि कोलोंबाचं वासरू त्या दोहोंच्या मधोमध उभं होतं.

गेरार्दोची मान ताठ झाली. “ससा होता म्हणून,” तो म्हणाला. “सशातून माश्या. वासराचं वेगळं असतं.”

हसणं ओसरलं. दियानोरा उठली, माळ्यावर गेली आणि दुसरी बरणी घेऊन आली. जवळची माणसं नाक धरून मागं सरकली. तिनं ती काचेच्या भांड्याशेजारी ठेवली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

गेरार्दोनं चिंधी सोडली. आत वाकून बघितलं. त्याला वासाचं काही वाटत नव्हतं, किड्यांच्या माणसाला कशाचंच वाटत नाही. काडीनं त्यानं मांस उलटंपालटं केलं. एकही अळी नव्हती. कुठलीच, कशाचीच नव्हती. तेवढ्यात एक माशी उठून उघड्या बरणीच्या काठावर बसली, आत उतरली आणि मांसावर थांबली. तिनं शेपटाकडचं अंग खाली टेकवलं.

तो तिच्याकडे बघत राहिला. पतंगाची मादी कापडावर बी टाकते ते बघण्यात त्यानं सारे उन्हाळे घालवले होते. ते टेकणं, ते थरथरणं, ते पुढं सरकून पुन्हा टेकणं. त्याला ते ओळखू येणार नाही असं शक्यच नव्हतं. माशी उडून गेल्यावर त्यानं ती काडी तिथल्या पांढऱ्या ठिपक्याला लावली आणि डोळ्याजवळ धरली.

“बी आहे,” तो म्हणाला. कुणालाच उद्देशून नाही.

मग सुनेकडे वळून म्हणाला, “तुला हे आधीपासून ठाऊक होतं.”

“ठाऊक नव्हतं, बाबा. वाटत होतं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं होतं. गोठ्यात.”

त्यानं आठवायचा प्रयत्न केला. आठवलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. “तेव्हा तू नुसतं बोलली होतीस,” तो म्हणाला. “बोलायला काय, सेर उगुच्चोही बोलतात.”

सेर उगुच्चोंनी मोठ्या मनानं मान तुकवली. म्हणाले, जुन्या ग्रंथकारांकडे बहुधा ओढणी नसावी.

“म्हणजे वासरू मारून झाकलं तर काही होणार नाही,” गेरार्दो बोटांवर हिशेब करू लागला, “आणि उघडं ठेवलं तर माशी येणार. मग मारून फायदा काय?” त्यानं टेबलावरच्या सगळ्यांकडे असं बघितलं, जणू वासरू मारायची कल्पना त्यांच्यापैकीच कुणाची होती. “एवढं गोंडस जनावर. काय माणसं आहात तुम्ही! बी आपण पलीकडच्या खोऱ्यातून आणू. वासरू राहील.”

दियानोराला एकदम इतकं हलकं वाटलं की तिनं मांडीवरच्या मेओला घट्ट धरलं. त्यानं निषेध म्हणून तिची वेणी ओढली. बास्तियानोनं टेबलाखालून तिचा हात दाबला. पिएरा म्हणाली, आता तरी ती ओढणी धुऊन पेटीत ठेव. मग मेओच्या गालावर बसू पाहणारी माशी तिनं स्वतःच हाकलली, तिच्याकडे जरा रोखून बघितलं, आणि म्हणाली की राहू दे, पाळण्यावरच टाक.

संध्याकाळी गोठ्यात वासराच्या तोंडाचं मुसकं गेरार्दोनं आपल्या हातानं काढून टाकलं. वासरानं आईला ढुशी दिली, कोलोंबानं पाठीची कमान केली आणि पान्हा असा सुटला की दियानोराला भांडं दोनदा बदलावं लागलं. सगळं सुरळीत झालं होतं. मग गेरार्दोनं वासरापुढं गवताची पेंढी टाकली. वासरानं ती हुंगली, आणि तोंड फिरवलं. ताजी हिरवी पेंढी आणली. तीवरही तोंड फिरवलं. देठ खुडलेला, कोवळा, स्वच्छ पुसलेला तुतीचा पाला इतके दिवस खाल्लेलं ते जनावर गोठ्याच्या दाराकडे, झाडांच्या ओळीकडे बघून हंबरायला लागलं, आणि आपलं लेकरू उपाशी आहे हे बघून कोलोंबाही हंबरायला लागली.

“हट्टी आहे,” गेरार्दो म्हणाला.

“कुणावर गेलंय कोण जाणे,” पिएरा दारातून म्हणाली.

गेरार्दोनं टोपली काखेला मारली, शिडी खांद्यावर घेतली आणि उजेड आहे तोवर शेंड्याचा पाला काढायला तुतीवर चढला.